आठवं मिनिट

उम्म अल कुवैनच्या खाडीकाठी,
मत्स्यविभागाच्या मागच्या खोलीत
दिवा तापायला अर्धा तास घेतो.
तोवर मी तंतूचं टोक कापते.
पात्याची एकच रेघ, हलका ताण,
आणि काच सरळ तुटते.
वाकडी तुटली तर उजेड सांडतो.

तंतू केसाएवढा.
नळी त्याहून किंचित जाड.
जुनं यंत्र बाटल्याच्या बाटल्या रिचवायचं,
हिला अख्खा थेंबही फार होतो,
थेंबाचा हजारावा भाग पुरतो.

उबैद बिन राशिद पहाटेच टोपली ठेवून गेला.
पाणी दोन दिवस तांबूस आहे, म्हणाला,
आणि बगळे शिंपल्यांना शिवत नाहीत.
बगळ्यांसाठी अर्जात रकाना नाही.
मी समासात लिहिलं.

उजेड जांभळ्याच्या पलीकडचा.
मला दिसत नाही, मोतालेबलाही नाही.
फरशी पुसता पुसता तो रोज विचारतो,
"लागला का, मॅडम?"
लागलाय.
त्या टोकाला किती पोचतो ते मी मोजते,
म्हणजे खरं तर
किती पोचत नाही ते.
वाटेत कुणी उभं असलं की सावली पडते,
त्या सावलीला आम्ही शिखर म्हणतो.

हाच उजेड वाहून वाहून
तंतू आतून काळवंडतो.
वर्षाला बदलावा लागतो.
मोतालेबला इथे एकोणीस झाली.

आठव्या मिनिटाला रेघ उचलली.
बुडबुडा असेल.
बुडबुडे असंच खोटं बोलतात, टोकदार.
नळी धुतली. पुन्हा नमुना.
पुन्हा आठव्याच मिनिटाला तीच,
बुटकी, गोल खांद्यांची.
बुडबुड्याला खांदे नसतात.

आकडा मर्यादेच्या बराच खाली.
डॉक्टर शेरीननं न बघताच सही केली.
दुपारी उबैद आला, कागद उलटा धरला,
म्हणाला, आकडा राहू दे,
खायचं की नाही ते सांग.
खा, म्हटलं.
किती सहज निघालं तोंडातून.
त्यानं अर्धी टोपली माझ्याच टेबलावर ठेवली.

रात्री तिसऱ्या केल्या.
ओलं खोबरं, दोन आमसुलं, मीठ जरा कमीच.
नवरा म्हणाला, घे की, निवतंय.
पहिली शिंपली बोटांत धरून
मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले.
तोवर निहिरानं
ताटाच्या कडेला
तीन रिकाम्या शिंपल्या
ओळीनं मांडल्या होत्या.