दोन्हीकडून खोलगट

भूशास्त्राच्या तळमजल्यावर ड्रॉवर एकशे चौदा.
आत अकरा तुकडे, आणि रावराणे सरांच्या अक्षरातली चिठ्ठी:
‘मासा? कच्छ.’
सरांना जाऊन सव्वीस वर्षं झाली.
प्रश्नचिन्ह अजून ताठ आहे.

मी इथे खडकातून हाडं मोकळी करते.
सुई, ब्रश, पातळ केलेलं आम्ल,
दिवसाकाठी नखाएवढी जागा.
सासूबाईंना वाटायचं, युनिव्हर्सिटीत साड्यांना फॉल लावते.

चौथ्या महिन्यात दात उघडा पडला.
हाडाच्या काठाला नुसता चिकटलेला नव्हता,
मुळासकट खोबणीत उतरलेला,
आपल्या दाढेसारखा.
मी चिठ्ठीकडे पाहिलं.
सर, मासा नाही वाटत हा.

शेजारच्या प्राणिशास्त्रातून एक मणका मागून आणला.
विश्वामित्रीतली मगर,
काळ्या घोड्याच्या पुलाखाली मेलेली, वनखात्याच्या पावतीसकट.
तिचा मणका पुढून वाटी, मागून गोटी;
एकाची गोटी मागच्याच्या वाटीत,
अशी शेपटीपर्यंत बैठक.
माझा मात्र दोन्हीकडून खोलगट.
बोट फिरवून पाहिलं, दिव्याखाली धरला, उलटा केला.
गोटी नाहीच.

म्हणजे जुना. एवढंच.
समुद्रातला कशावरून?

‘पाठीवरच्या ढाली नाहीत,’ मी म्हटलं.
हेतल विंझोडा, अंजारची, पहिल्या वर्षाची,
जिच्या मामाच्या शेताच्या बांधावर शंख सापडतात,
म्हणाली, ‘ताई, अकराच तर तुकडे आहेत.
ढाली वाहून गेल्या असतील ने?’
खरं होतं. वहीतली ओळ खोडली.
न सापडणं म्हणजे नसणं नव्हे.

मग ते चपटं हाड, ज्याला आम्ही सगळे बरगडी समजत होतो.
बरगडी नव्हतीच ती. दंडाचं हाड होतं,
आखूड, पसरट, वल्ह्याच्या पात्यासारखं.
या हातावर भार टाकून
कुणी काठावर चढलं नसतं.
आणि कवटीच्या तुकड्यावर, डोळ्याच्या पुढे,
एक फुगीर पोकळी:
इथे बहुधा मिठाची ग्रंथी असावी,
समुद्र पिऊन मीठ परत टाकणारी.
नक्राश्रू म्हणतो आपण, खोट्या रडण्याला.
याचं खारं पाणी खरं होतं,
त्यात दुःख तेवढं नव्हतं.

नाव काय द्यायचं?
मुंढे मॅडमना नवी जात हवी होती,
जमलं तर गावाच्या नावाने.
पण जबड्याचं टोक नाही, शेपटीचा बाक नाही,
दातांवरच्या रेघा झिजलेल्या.
दोन दिवस त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या.
तिसऱ्या दिवशी स्वतःच भिंग घेऊन बसल्या,
संध्याकाळी म्हणाल्या, ‘लिही.’

मी लिहिलं: मगरींचा दूरचा आप्त. समुद्रवासी.
कुळापर्यंत खात्री. पुढे अनिश्चित.
सरांची चिठ्ठी फेकली नाही, खाली ठेवली.
‘कच्छ’ बरोबरच होतं, आणि प्रश्नचिन्हही.

घरी जाताना सेव-उसळच्या गाडीवर
किरीटभाईंनी तर्रीचा डाव वर धरूनच विचारलं,
‘शुं निकळ्यूं, बेन?’
‘मगर.’
त्यांनी पुलाकडे मान वळवली.
खाली चिखलावर एक पडली होती, जबडा उघडा टाकून,
कठड्याला दहाबारा माणसं, एकाच्या खांद्यावर पोर.
‘ते तो अहीं पण छे,’ म्हणाले,
आणि माझ्या वाटीत जास्तीची शेव घातली,
चार महिने फुकट गेल्यासारखी.