दहा पूर्णांक नऊ

तिसऱ्या रात्रीही तीन वाजून दहा मिनिटांनी
तिने बोंब ठोकली.
शिलाइनिआईच्या त्या नऊ मजल्यांवर
एकेक खिडकी पिवळी होत गेली
आणि चौथ्या मजल्यावरून ब्रोन्येबाईंनी
बटाटा फेकून मारला.
नेम चुकला.

गाडी साउलियसची. निळी, एकोणीस वर्षांची.
तो नोव्हेंबरपासून नॉर्वेत, माशांच्या कारखान्यात.
किल्ली माझ्याकडे, पण मला चालवता येत नाही,
आणि बटण दाबलं की ती गप्प होते
फक्त श्वास घेण्यापुरती.

नाइटगाऊनवर कोट, पायात त्याचे बूट,
उणे सतरा.
दारं उघडून पुन्हा लावली,
डिकी, बॉनेट, परत दारं.
काच शाबूत. बर्फावर माझ्याखेरीज
मांजराची पावलं तेवढी.
चोराच्या उलट्या बोंबा माहीत होत्या,
इथे चोरच नव्हता.

रिमविदास सपातांतच खाली आला,
ट्रॉलीबसच्या डेपोत एकतीस वर्षं वायरमन.
लाल टोक लालला, काळं काळ्याला,
आणि मीटर माझ्यापुढे धरला :
दहा पूर्णांक नऊ.
"बारा-साडेबारा हवेत. इतकं उतरलं
की हिला वाटतं, कुणीतरी तार कापतंय."

फ्यूज काढला. ओरडतेच आहे.
बॅटरीची तार काढली. मग तर जास्तच.
भोंग्याला म्हणे स्वतःची छोटी बॅटरी असते,
मडगार्डच्या आत, जिथे बोटं पोचत नाहीत,
मोठी मेली तरी ओरडता यावं म्हणून.
दहाचा पाना. दोन नट. एक शिवी.
माझ्या मफलरमध्ये गुंडाळून
कोंबडी न्यावी तसा काखेत मारला
आणि लिफ्टने वर नेला,
प्रत्येक मजल्याला ऐकवत.

बाथरूममध्ये, बादलीत, दोन रजयांखाली
तो वीस मिनिटं दमत गेला.
तोवर आम्ही चहा घेतला.
"चोरी झालीच आहे," रिमविदास म्हणाला,
"रोज थोडी थोडी. पहारा द्यायला वीज लागते,
ती कुठून येते?"
म्हणजे कुंपणानेच शेत खाल्लं
आणि वर गाव गोळा केला.
मला हसू आलं, मग साखर संपल्याचं आठवलं.

साउलियसला फोन लावला. रात्रपाळीची सुट्टी होती.
रजईतूनही त्याने आवाज ओळखला.
"अजून चालतोय?" म्हणाला,
मुलाचा निकाल लागावा तसा.
मी तोंड सोडलं. आठवड्यातून एकदा गाडी सुरू करायची
हे सांगायला काय झालं होतं?
तिकडे मशीनचा आवाज. मग तो,
अगदी हळू : "फ्रिजवर बघ."

वीजबिलाच्या मागे, मग दंतवैद्याच्या कार्डाच्या मागे,
त्याच्या तिरक्या अक्षरात :
*दर रविवारी, निदान अर्धा तास.*
खाली गाडीचं चित्रही काढलं होतं.
चाकं तीनच.

दुसऱ्या दिवशी गरम पाणी, खायचा सोडा,
आणि टर्मिनलवरची हिरवट-पांढरी साय
त्याच्याच जुन्या टूथब्रशने घासली.
बॅटरी दोन दिवस रिमविदासच्या स्वयंपाकघरात
चार्जरला लावून. "पूर्वीसारखी नाही राहणार,
पण मार्चपर्यंत नेईल."
भोंगा बादलीतच आहे. त्याच्या पोटातून
काहीतरी चिकट गळलंय.

रविवारी मी ड्रायव्हरच्या सीटवर बसले.
किल्ली फिरवली, दोनदा खोकली, लागली.
रेडिओवर हवामान, पायाशी ऊब,
काचेवरचा बर्फ खालून वितळू लागला.
मागचं दार उघडलं. ब्रोन्येबाई.
हातात पिशवी, डोक्याला लोकरी रुमाल.
"कुठे जायचंय?" मी विचारलं. "मला चालवता येत नाही."
"माहीत आहे," त्या म्हणाल्या,
आणि दार ओढून घेतलं.