दोनशे बहात्तर

गेल्या वर्षी मी एकूण अडुसष्ट हजार चारशे शिकवलं.
म्हणजे शिकवलं प्राणिशास्त्र, बेलापूरच्या कॉलेजात, तासिका तत्त्वावर;
पण फॉर्म सोळा-अ वर ते असंच दिसतं,
आणि शेजारच्या रकान्यात कपात:
सहा हजार आठशे चाळीस.

मला कर लागत नाही.
हे मला माहीत, कॉलेजला माहीत, खात्यालाही माहीत.
तरी आधी त्यांनी कापायचं, मग मी मागायचं,
मग त्यांनी तपासायचं
की ही बाई खरंच इतकं कमी कमावते का.

एरवी मी गाळ चाळते.
ऐरोलीच्या अंगाला ओहोटीत उतरते, गुडघाभर,
चौकट दाबते, डबे भरते,
अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीत धुऊन
उरलेले जीव चिमट्याने मोजते, एकेक.
गाइड म्हणतात, मोजणीत तुझा हात कोणी धरणार नाही.
महिनाअखेरीला डब्याचे पैसेही मी याच हाताने मोजते.

फेलोशिप एप्रिलपासून अडली आहे.
ऑगस्टात पोर्टल बंद होतं,
सप्टेंबरात सही करणाऱ्या बाई रजेवर,
ऑक्टोबरात पुन्हा पोर्टल.
इम्तियाजकडून दीड हजार घेतले, त्याची अडली नाही म्हणून नव्हे,
त्याची माझ्यानंतर अडली म्हणून.

विवरणपत्र जुलैतच भरलं होतं. मेसेज आला: परतावा अयशस्वी.
बँकेत मी मृणाली सहदेव खिराडे,
पॅनवर मृणाली एस. खिराडे.
अख्खा बाप एका अक्षरात आणि एका टिंबात बसवलेला,
आणि संगणकाला तो ओळखू येईना.

दुरुस्तीला ओटीपी लागतो,
आणि आधारला नंबर बाबांचा, मंगरूळपीरचा.
बाबा घड्याळं दुरुस्त करतात.
"थांब व माय, भिंग लावतो."
मग डोळ्याला भिंग लावून माझा बाप मोबाइल वाचतो,
जसा एखाद्या बंद पडलेल्या घड्याळाचा काटा बघावा.
"चार. सात. मग आठ आहे का तीन...
जेवली काय तू?"
दहा मिनिटं संपली.
आयुष्यभर दुसऱ्यांची वेळ नीट करून दिलेला माणूस
तीनदा वेळेत पोचला नाही.
चौथ्यांदा पोचला.

दिवाळे गावात चांगुणाकाकी भोईर जाळीच्या दाराआडून विचारायची,
"काय गो, आले का तुजे सरकारचे पैसं?"
दोन भाडी तुंबलेली. आवाज चढवला नाही तिने कधी,
फक्त प्रश्न दर सोमवारी.

नोव्हेंबरच्या एका दुपारी,
हातमोजे गाळाने भरलेले असताना, फोन थरथरला.
सात हजार एकशे बारा.
मला वाटलं, चूक झाली त्यांची. पुन्हा वजाबाकी केली.
वरचे दोनशे बहात्तर: व्याज.
महिना अर्धा टक्का, आठ महिन्यांचं.

मी स्टुलावर बसले.
माझ्या थांबण्याला कोणी दर लावला होता,
इतका बारीक, पण लावला होता.
फेलोशिपलाही आठच महिने झाले;
तिथे नुसतं "कळवण्यात येईल".

साडेचार हजार काकीला. एक भाडं, दुसरं राहिलं.
तिने नोटा मोजल्या नाहीत, दुमडून कनवटीला लावल्या.
दीड हजार इम्तियाजला.
उरले अकराशे बारा. डब्याचा आठवडा,
एक रेचार्ज, गमबुटाला पंक्चरवाल्याकडून ठिगळ.

रात्री इम्तियाज म्हणाला, ते व्याज पुढच्या जुलैत दाखवायचं बरं का,
इतर स्रोतांपासून उत्पन्न.
मी हसले, मग वहीच्या मागच्या पानावर लिहूनही ठेवलं,
किड्यांच्या आकड्यांखाली.

बाबांना फोन केला, सांगायला.
पहिलीच रिंग. "थांब, पेन्सिल घेतो.
हं, सांग, कधी येणार नंबर?"
म्हटलं, नंबर नाही बाबा, काम झालं.
"मंग फोन कायले केला?"

तेव्हापासून मोबाइल ते भिंगाच्या डबीशेजारी ठेवतात.
न जाणो, आला तर.