जैसे थे

मुकोनोच्या कोर्टातला मी बेलिफ.
दुसऱ्यांचे हुकूम पोचवतो,
भाड्याच्या मोटरसायकलवर मागे बसून,
पोटाशी फाईल, दातांत लाल धूळ.

तेओपिस्ताने बापाच्या जमिनीवर कॅव्हेट लावलं
तेव्हा नोंदवहीत शाईची एक ओळ पडली, दीड वीत.
ती ओलांडता येईना तिच्या भावाला.
लवुलेन्सिओने वीटभट्टीवाल्याकडून घेतलेला विसार
परत देववेना, पचवता येईना.

मग दोन वकील, दोन छत्र्या,
अंतरिम अर्ज, त्याला उत्तर, उत्तराला प्रत्युत्तर,
आणि न्यायमूर्ती बाईंच्या अडीच ओळी:
पुढील तारखेपर्यंत परिस्थिती जैसे थे ठेवावी.
खणू नये, बांधू नये, विकू नये, तोडू नये.

मी तो कागद फणसाच्या बुंध्याला ठोकला.
त्याच आठवड्यात एक फणस पिकून पडला
आणि तो कुणाच्या अंगाला पडला हे मोजायला
दोन्हीकडची माणसं धावली.
केळीला पिल्लं फुटली.
वाळवीने वारूळ हातभर चढवलं.
हुकुमाच्या अवमानासाठी
मी कुणाकुणाची नावं लिहून घेऊ?

चौथ्या तारखेआधी त्यांची आई गेली.

तिची जागा ठरलेली होती.
नवऱ्याला लागून, सासऱ्याच्या पायथ्याशी,
सिमेंटच्या पाच थडग्यांनंतरचं सहावं.
पण इथे थडगं म्हणजे पुरावा.
कोण कुठे पुरलंय
त्यावरून माती कुणाची ते ठरतं.
म्हणून दोन्ही वकील, या खटल्यात पहिल्यांदाच,
एका सुरात बोलले:
पुरणं म्हणजे खणणंच.

शुक्रवार. चार वाजून गेलेले.
बाई कंपालाला निघून गेलेल्या.
कारकून म्हणाला, सोमवारी या.
झाडाच्या सालीच्या कापडात गुंडाळलेली आई
सोमवारपर्यंत
जैसे थे राहणार नव्हती.

तेव्हा शेजारचा केझेकिया म्हणाला,
माझ्या कसाव्यातली सात पावलं घ्या.
माझ्यावर अजून कुणी दावा लावलेला नाही.

आमच्याकडे हद्दीला दगड नसतात, लुवान्यी असते.
कांडी खोचली की मुळं धरते,
मुळं धरली की हद्द होते.
त्या ओळीच्या पलीकडे, अगदी खेटून, तिला ठेवलं.
नवऱ्यापासून नऊ हात.
मध्ये कायदा.

तीन महिन्यांनी नवं समन्स घेऊन गेलो.
लुवान्यीची सुतात लावलेली ओळ
एका जागी पोट काढून वळली होती,
म्हातारीला आत घेऊन
पुन्हा मुकाट रांगेत आली होती.
कांड्या ताज्या. माती भुसभुशीत.

कुणी केलं, म्हणून विचारलं.
लवुलेन्सिओ फणसाकडे बघत राहिला,
तेओपिस्ता माझ्या बुटांकडे.
दोघांच्या शपथपत्रांत एकमेकांवर छत्तीस परिच्छेद आहेत.
याबद्दल अवाक्षर नाही.

मीही बजावणीच्या अहवालात लिहिलं:
समन्स समक्ष दिले.
परिस्थिती जैसे थे.

परतताना केझेकिया वाटेत उभा.
मोटरसायकल थांबवली, इकडेतिकडे पाहिलं,
आणि आवाज उतरवून विचारलं,
भाऊ, ते कॅव्हेट का काय,
त्याला साधारण
किती खर्च येतो?