खांदेमळण

म्हसरूळच्या गतिरोधकावर मागून आवाज आला :
खट्.
दिंडोरी रस्त्याला लागल्यावर दर खड्ड्याला, खट्.
विश्राम म्हणाला, आतली भांडी असतील.
भांडी मी रचली होती,
प्रत्येक ताटलीखाली पंचा घालून.
माझी भांडी बोलत नाहीत.

सापुताऱ्याला निघालो होतो,
मागे अकराशे किलोंचं घर घेऊन :
दोन बाकं, एक शेगडी, खिडकीला मी शिवलेला पडदा.
फंडाच्या पैशातून घेतलेलं,
कुणीतरी आधी हिंडवलेलं.

एकतीस वर्षं सातपूरला
तपासणी विभागात काढली मी.
व्हर्नियर अजून पर्समध्ये असतो,
कंगव्याशेजारी.
रसवंतीपुढे गाडी थांबवायला लावली,
जोड सोडवला
आणि वाकले.

पन्नास मिलिमीटरचा गोळा.
आडवा मोजला, पन्नास.
ओढीच्या दिशेनं मोजला, अठ्ठेचाळीस पूर्णांक सहा.
अंड्यासारखा झालेला.
जिकडून ओढ, तिकडून झीज.
वरची वाटी आतून ओरबाडलेली, कोरडी ठणठणीत,
तळहातावर पडली तांबडी भुकटी, मिसरीसारखी.
पिनेच्या जागी कुणी तार पिळून ठेवलेली.
साखळी एकच,
रस्त्याला घासून तिची खालची कडी
नखाएवढी उरलेली.

चालतंय की, विश्राम म्हणाला.

चालतंय.
हा शब्द मी एकतीस वर्षं
रिजेक्टच्या पेटीत टाकत आले.
चालतंय म्हणजे
अजून निसटलं नाही.

मला बोरगावच्या पुढची वळणं दिसली.
आम्ही पुढे, घर मोकळं,
आणि मागून येणारी एक दुचाकी,
टाकीवर बसवलेलं एक पोर,
हातात फुगा असलेलं.
फुगा कशाला दिसावा, माहीत नाही.
पण दिसला.

परतलो. ताशी वीसनं.
तो बोलत नव्हता, मी खट् मोजत होते.
एकशे चौदा.

अंबडला हनीफ मणियारांनी
गोळा बोटांत फिरवला, डोळा बारीक केला.
अर्ध्या सुताचा खेळ आहे बाई, म्हणाले,
पण सुतावरूनच स्वर्गाला जातात माणसं.
नवा गोळा उद्या सकाळी.

त्या रात्री घर त्यांच्याच शेडमध्ये उभं,
चाकांना विटा लावून.
सामान भरलेलंच होतं, म्हणून तिथंच झोपलो,
शेजारी लेथ, छतावर पत्रा,
वॉचमनच्या शिट्टीनं दर तासाला जाग.
केव्हातरी अंधारात विश्राम बोलला :
पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आबा
बैलाच्या खांद्याला लोणी-हळद चोळायचे.
दिवा नाही घ्यायचे.
बोटांनीच चाचपत जायचे,
कुठे जू लागलं, कुठे कातडं सोललंय.
थोडं थांबून म्हणाला,
मी तर हे गाडं घेतल्यापासून
एकदाही हात लावला नाही.

मी काही बोलले नाही.
मीही फक्त पडदाच शिवला होता.

सकाळी नवा गोळा, नवी वाटी,
पिनेला पीन.
नट आवळायला हनीफभाईंनी मापाचा पाना काढला,
अंदाजाचा नाही.
दोन साखळ्या खालून घेतल्या,
उजवी डावीकडे, डावी उजवीकडे,
फुगडीला धरलेल्या हातांसारख्या :
जोड सुटलाच तर दांडा
या हातांवर पडावा, डांबरावर नाही.

ग्रीसचा डबा विश्रामनं मागून घेतला.
बोटानं लावलं, सावकाश,
गोळ्याच्या मानेपर्यंत.
नवा शर्ट होता. मी टोकलं नाही.

म्हसरूळचा गतिरोधक आला.
आम्ही दोघांनीही श्वास धरला.
पुढची चाकं, मागची चाकं,
मग घराची.

काही नाही.

त्यानं रेडिओ लावला.
मी बंद केला.
दिंडोरीपर्यंत तरी
मला ऐकायचं होतं.