खरवड

आज पाळी माझी. उद्याही माझीच.
परवापासून दोन दिवस मारेमची,
तेव्हा मी हात कोरडे ठेवून दारात बसेन
आणि जावेनं चिरलेल्या कांद्याला नावं ठेवेन.

काओलाकच्या बाजारात सकाळी सात वाजता
कमरेच्या गाठीत साडेतीन हजार फ्रँक.
खाणारी तोंडं सतरा.
अठराच म्हणा, कारण शेजारचा बिराम शिंपी
आमचं झाकण उघडलं की मशीन थांबवतो
आणि विचारतो, सगळं ठीक ना घरात?

कणी घेतली, तीन किलो.
अख्खा दाणा मिरवायला बरा;
तुटलेला रस्सा पितो.
मासळीत याबोय: स्वस्त, चवदार, नुसते काटे.
मोठ्या थिओफकडे लांबूनच मान हलवली,
श्रीमंत मावसभावाला लग्नात हलवतात तशी.
अंबाडीची जुडी. भोपळ्याची फोड.
गाजरं दोन.
सतरा जणांत दोन गाजरं:
हे गणित मला कोणी शाळेत घातलं नाही.

आणि नेतेतू, कागदाच्या पुडीत.
रानशेंगेच्या बिया, उकडलेल्या, आंबवलेल्या,
काळ्या होईपर्यंत उन्हात टाकलेल्या.
वास असा, की गाडीतला पोऱ्या म्हणाला,
ताई, पुढच्या थांब्यावर उतरता का?

हे सगळं त्या पट्ट्यामुळे.
दवाखान्यातल्या बाईनं सासूच्या दंडाला पट्टा आवळला,
फुगवला, आकडा वाचला,
पुन्हा फुगवला.
मीठ निम्मं, म्हणाली. तेल निम्मं.
आणि सोनेरी कागदातल्या त्या मसाल्याच्या वड्या
आजपासून बंद.
बाहेर येताना मिठागरांवरून वारा येत होता,
ओठ चाटले तरी खारट.
सासू म्हणाली, हिला सांग, आधी वारा बंद कर.

सात वड्या एका हंड्याला:
हे याय खार्दियाताचं चाळीस वर्षांचं प्रमाण.
तिच्या हातच्या त्या सात वड्यांवर
माझा नवरा वाढला, त्याचे चार भाऊ वाढले.
मी त्या वड्या पिठाच्या डब्यात तळाशी पुरल्या.
मारेमला सांगितलं. ती म्हणाली, मेलो आपण.

तेल कमी, तर कांद्याला वेळ जास्त.
पाण्याचा हबका, झाकण, पुन्हा हबका.
याबोयच्या पोटात लसूण, कोथिंबिरीसारखा पाला, मिरी.
नेतेतू कुटताना मी दार लावून घेतलं.
अंबाडी वेगळी शिजवून ठेचली, आंबट, हिरवी;
आंबटाला मिठाची आठवण कमी येते.
गाजरं लांब चिरली, शेंगेएवढी बारीक,
मग ती सतरा झाली. एक उरलं,
ते मी उभ्याउभ्या खाल्लं.

दोन पराती. पुरुषांची अंगणात,
आमची चटईवर, भोवती नऊ पोरं.
ज्यानं त्यानं आपल्यापुढचं खायचं.
याय बोटांनी मासा सोडवते, काटे काढते,
तुकडे भिरकावते न बघता,
आणि प्रत्येक तुकडा बरोबर जिथं हवा तिथं पडतो.

पहिल्या दिवशी तिनं भाताचा गोळा मुठीत दाबला,
तोंडात टाकला. चावायची थांबली.
पलीकडच्या परातीतल्या बिरामकडे बघितलं,
जणू चव त्यानंच चोरलीय.
बोलली नाही.
दुसऱ्या दिवशी नाही. पाचव्या दिवशी नाही.
मारेमला झोप लागेना.
आठव्या दिवशी पिठाचा डबा जागचा हललेला दिसला,
उघडून पाहिला, वड्या मोजल्या:
होत्या तेवढ्याच.

आज नववा.
हंड्याच्या तळाची खरवड घ्यायला
आस्सान आणि ऊसेनू, जुळे, दोघांचे दोन चमचे,
भांडत उभे होते.
तिनं दोघांना बाजूला सारलं,
हंडा मांडीत घेतला, स्वतः खरवडला,
एक करपलेला पापुद्रा जिभेवर ठेवला
आणि डोळे मिटले.

मी भांडी गोळा करत राहिले, आवाज न करता.

जेनाबा, म्हणाली,
नेतेतू कोणाकडून आणतेस?
पुलाजवळच्या म्हातारीकडून, मी म्हणाले.
कितीला?
मी सांगितलं.

लुबाडलं तुला, याय म्हणाली.
शंभराला तीन मुठी देते ती.
खार्दियाताची सून आहे म्हणून सांग.
आणि मूठ तिची नको,
तुझी घाल.