दोन थेंब जास्त

होमा बेच्या शाळेत मी प्रयोगशाळेचा मदतनीस.
बाटल्या धुतो, ब्युरेट उभे करतो,
फुटलेल्या काचा मोजून वहीत मांडतो.
सव्वीस वर्षांत एवढंच कळलं,
भूगोलाच्या तासाला मुलं जांभया देतात,
रसायनाच्या तासाला पाणी मागतात.

गाळणकागद येण्याआधीच
हातपाय गाळून बसतात बिचारी.

तिसऱ्या बाकावर अवूर.
रात्री तिला सगळं पाठ असतं,
कंदिलाची काच काळी होईपर्यंत.
सकाळी अचिएंग बाई फळ्यावर ‘मोल’ लिहितात
आणि तिच्या डोक्यातला फळा
कुणीतरी ओल्या फडक्यानं पुसतं.
मला हे मागून दिसतं.
मानेवरचा घाम,
बाकाखाली बोटानं गिरवलेलं समीकरण (बरोबर असतं ते),
आणि वर न जाणारा हात.

तिची आई किनाऱ्यावर ओमेना वाळवते.
कडू पाला शिजवताना मगादीचा खार टाकते,
चिमटीनं, न बघता.
कधी जास्त नाही, कधी कमी नाही.
हे तिला सांगावं असं फार वाटायचं.
पण मीही याच विषयात गटांगळ्या खाल्लेला,
माझं कोण ऐकणार?

सराव परीक्षेच्या दिवशी
चाळीस मुली, अकरा ब्युरेट.
मागची रांग घड्याळाकडे बघत उभी.
अवूरनं तोटी धरली
तेव्हा श्वासही धरला, सोडलाच नाही.
थेंब. काही नाही.
थेंब. काही नाही.
थेंब, आणि मागून कुणाची तरी पट्टी पडली.
बोट हललं.
फिकट हवा होता, गडद गुलाबी झाला.

‘झाला रंगाचा बेरंग,’ बाजूची म्हणाली.
अवूर काही बोलली नाही.
तिनं आकडा खरा तोच लिहिला,
ही गोष्ट फक्त मी पाहिली.

संध्याकाळी सगळे फ्लास्क धुतले.
तिचा नाही धुतला.
का, ते विचारू नका. साबण संपला होता म्हणा.

सकाळी ती विसरलेली पट्टी न्यायला आली.
खिडकीत फ्लास्क तसाच,
आत पाणी. स्वच्छ.
गुलाबीचा मागमूस नाही.
‘ओगोला, तुम्ही बदललंत?’
‘हात नाही लावला.’
ती वाकली. वास घेतला.
खिडकीकडे बघितलं, सरोवरावरून वारा येत होता,
मासळीचा, धुराचा.
मग स्वतःशीच, भराभर, न अडखळता:
‘हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळला,
आम्ल झालं,
माझे दोन थेंब त्यानं खाल्ले.’

बोलून झाल्यावर दचकली,
जणू दुसरंच कुणी बोललं.
भीती अजून शाळेत पोचायची होती,
बहुतेक घंटेबरोबर येते ती.

घंटा झाली.
अवूर पट्टी विसरून गेली पुन्हा.